सॅम्पल फ्लॅट

शनिवारी आईला घेऊन हिंजवडीजवळ सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो. फॉल्स सीलिंग, पिवळे दिवे, भिंतभर आरसे... एकदम झकास! आईने मात्र पर्समधून शिवणाची टेप काढली आणि बेडरूम मोजायला लागली. (मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.) पलंग जेमतेम साडेपाच फुटी निघाला, आणि खोल्यांना दारंच नव्हती! म्हणून जागा ऐसपैस वाटत होती तर. २०१७ पासून रेरामुळे कार्पेट एरिया सांगावाच लागतो, पण त्यात आतल्या भिंतींची जाडीही धरतात, हे मला तिथे कळलं. असो. जिम, पूल, क्लबहाऊस सगळं आहे. आई म्हणाली, "पापड कुठे वाळवायचे रे?" सेल्सवाला हसला. टोकनचा चेक अजून माझ्या खिशातच आहे.