राजापेठेतले पाने

हा मथळा वाचून आमच्या महाविद्यालयातील एक सहकारी मिस्कील हसले. म्हणाले, "मराठीचे प्राध्यापक तुम्ही, आणि 'राजापेठेतले पाने'? पान नपुंसकलिंगी ना? 'राजापेठेतली पाने' करा." त्यांना सांगावे लागले की, ही पुस्तकाची पाने नव्हेत, हे मिस्त्रीच्या पेटीतले पाने आहेत, नट आवळायचे. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की जणू मी व्याकरण सोडून भंगाराच्या धंद्यात शिरलो आहे. आमच्या घरातही यापेक्षा वेगळे मत नाही.

बडनेऱ्याहून अमरावतीला येणारा रस्ता शहरात शिरतो तो राजापेठेतून. पाहुणे येतात ते अंबादेवीच्या दर्शनाला. रुक्मिणीचे हरण याच देवळातून झाले, असे म्हणतात. तेव्हा त्यांची घाई समजण्यासारखी आहे. रिक्षा राजापेठेतला उड्डाणपूल मागे टाकून राजकमल चौकाकडे धावते आणि पाहुण्यांच्या लेखी राजापेठ म्हणजे वाटेतली गर्दी, एवढेच उरते. मी मात्र गेली आठ वर्षे तिथेच उतरतो. मुख्य रस्ता सोडून आत एका बोळात एक मिस्त्रीकाका बसतात. वय सत्तरीच्या पुढचे. दुकान म्हणजे पत्र्याचे छप्पर, एक लाकडी बाक, बाकाला जखडलेला व्हाइस आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले शेदीडशे पाने, पकडी, हातोडे.

मी तिथे कसा पोचलो, ते सांगितले पाहिजे. माझे वडील एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या लागत आणि बाबा घरात दिसेनासे होत. त्यांची एक लोखंडी पेटी होती. तिच्यातल्या प्रत्येक हत्यारावर त्यांनी पंचने तीन टिंबे ठोकली होती, चुलीच्या तीन दगडांसारखी. कारखान्यात हत्यारे एकमेकांत मिसळतात, म्हणून ही खूण. २००२ साली, मी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षात असताना, ते गेले. परीक्षेची फी भरायची होती. पेटी आतल्या सामानासकट वजनावर विकली गेली. ती विकणारा मीच. त्या वेळी मला त्याचे काही वाटले नाही. लोखंड ते लोखंड!

पुढे नोकरी लागली, चाळिशी जवळ आली, आणि एका रविवारी स्कूटर बिघडली म्हणून मी काकांच्या बाकावर बसलो. भिंतीवरच्या एका पान्याकडे पाहत विचारले, "हा कितीचा?"

"अर्ध्या इंचाचा," काका म्हणाले.

मी तोंडाची रुंदी बोटाने अजमावली. इंचाला थोडीशीच कमी होती. मी तसे म्हणताच काकांनी आणखी दोन पाने काढून माझ्यापुढे ठेवले. तिघांवरही अर्ध्याचाच आकडा आणि तिघांची तोंडे वेगवेगळी!

"आता सांगा सर, खरा अर्धा कोनता?"

शब्दाचा अर्थ काळाप्रमाणे बदलतो, हे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो होतो. पण लोखंडावर कोरलेल्या आकड्याचा अर्थही बदलतो, हे मला त्या दिवशी कळले. गोष्ट अशी आहे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवून दिले. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसायचा नाही. व्हिटवर्थच्या पद्धतीत पान्यावर बोल्टच्या दांड्याची जाडी लिहीत, तोंडाची रुंदी नव्हे. म्हणून अर्ध्या इंचाच्या बोल्टचा पाना तोंडाशी ०.९२ इंच भरतो. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचविण्यासाठी नटाचे डोके एका मापाने लहान केले गेले, आणि त्याच अर्ध्याचे तोंड ०.८२ इंच झाले. तिसरा पाना अमेरिकन रीतीचा; तिथे तोंडाचीच रुंदी लिहितात, म्हणून अर्धा म्हणजे अर्धाच. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि मेट्रिक वजने-मापे १ ऑक्टोबर १९५८ पासून. आज गॅरेजमधला पोऱ्या "दहा-अकरा दे, बारा-तेरा दे" म्हणतो, ते मिलिमीटर आहेत. त्याला अर्धा इंच ठाऊकच नाही, आणि त्याचे काही अडतही नाही.

हे इंग्रजी पाने वऱ्हाडात आले कसे? कापसाच्या मागोमाग. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. १८६७ साली आगगाडी बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. मग सरकी काढण्याची आणि गाठी बांधण्याची यंत्रे विलायतेहून येऊ लागली, आणि यंत्राबरोबर त्याचे पाने. व्हिटवर्थचा कारखाना मँचेस्टरचा. म्हणजे आमचा कापूस मँचेस्टरला गेला आणि मँचेस्टरचे आटे आमच्याकडे आले! मूर्तिजापुराहून अचलपूरकडे आणि यवतमाळकडे जाणारी आपली शकुंतला आठवा. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेले. ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत गाडी ओढीत होते. आता ती गाडी थांबली. पण अशी यंत्रे सत्तर सत्तर वर्षे चालविणाऱ्या माणसांच्या हातांत काय होते, ते पाहायचे तर अशाच बोळात यावे लागते.

मला नाद लागला. दर रविवारी एखादा पाना घरी येऊ लागला. काकांचे डोळे आणि माझी पुस्तके यांच्या मदतीने मी त्यांची वये काढू लागलो. बाण कोरलेला असेल तर तो ब्रिटिश लष्कराचा माल. त्याच्याजवळ कित्येकदा सालही सापडते. पेटंटचा क्रमांक असेल तर अधिक चांगले. ब्रिटनमध्ये १९१६ पूर्वी दर वर्षी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होई. १९१६ पासून ते १००००१ पासून सलग चालू झाले. तेव्हा सहा आकडी क्रमांक दिसला की पाना १९१६ च्या अलीकडचा. 'वेस्ट जर्मनी' अशी अक्षरे असतील तर तो १९४९ आणि १९९० यांच्या मधला, कारण त्याआधी आणि त्यानंतर त्या नावाचा देशच नव्हता. नाशिकच्या तापडियाचा शिक्का असेल तर १९६९ च्या मागे जाण्याचे कारण नाही. हत्यारे बनविण्यास त्यांनी सुरुवात केली तीच त्या साली, एका स्वीडिश कंपनीच्या साहाय्याने.

मात्र इथे एक मेख आहे. पेटंटचे साल हे कल्पनेच्या जन्माचे साल, हत्याराच्या नव्हे. ग्रंथ कधी रचला गेला आणि आपल्या हातातली पोथी कधी उतरवली गेली, या दोन गोष्टी वेगळ्या असतात ना, तसेच हे. आमच्याच जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तिथल्या महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले. ज्याला ती लिपी येते त्यानेच ते वाचावेत. पान्यांवरही अशी एक सकळ लिपी असते. कुणी कानशीने दोन खाचा पाडतो, कुणी टिंबे ठोकतो, कुणी आद्याक्षर कोरतो. कारखान्याचा शिक्का सांगतो पाना कुठला. या खुणा सांगतात पाना कुणाचा.

हे सगळे ज्ञान मला होते, आणि तरीही मी जे करू नये ते केले.

तीन वर्षांपूर्वी काकांकडून मी एक जुना व्हिटवर्थ पाना घेतला. गंज आणि ग्रीस यांचा नुसता लेप बसलेला. दिवाळीची सफाई चालू होती. "हे घाण लोखंड आता माझ्या स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर दिसता कामा नये," अशी ताकीद मिळाली होती. मी तो पाना एका धार लावणाऱ्याकडे नेला आणि चाकावर धरवून लखलखीत करून आणला. आरशासारखा! सौभाग्यवतीसुद्धा म्हणाली, "हा बरा दिसतो." मी कौतुकाने तो काकांना दाखवायला नेला.

काकांनी तो हातात घेतला, दांड्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"सर, हे काय केलं तुमी? पान्याची कातडीच सोलून टाकली! याच्यावर टिंबं होती ना."

माझ्या छातीत धस्स झाले. "किती होती?"

"दोन का तीन. अंगठ्याले लागत होती. आता कोन मोजलं बाप्पा!"

"आणि हा आला कुठून होता?"

"एक जिन मोडली होती, तिच्या भंगारात."

कोणती जिन, ते त्यांना आठवेना. अमरावतीच्या आसपास जिना काय थोड्या होत्या? आणि टिंबे ठोकणारे फिटर काय एकटे माझे बाबाच होते? मनाला मी हे पुष्कळ समजावले. तो पाना त्यांचा नसण्याचाच संभव अधिक. पण होता की नव्हता, हे सांगू शकणारी एकच गोष्ट जगात होती आणि ती मी पैसे देऊन घासून टाकली होती. पहिल्यांदा पेटी विकली ती अजाणपणे. दुसऱ्यांदा जे केले, ते जाणतेपणाचा अभिमान बाळगून.

काकांनी माझा चेहरा पाहिला असावा. त्यांना पेटीची हकीकत मी कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. ते काही वेळ बोलले नाहीत. मग चहा मागवला आणि म्हणाले, "पाना अजून आवळते ना नट? मंग झालं तर. तुमचे बाबा असते तर त्यायनं एवढंच पाह्यलं असतं."

तेव्हापासून मी एकही पाना घासलेला नाही. मऊ फडक्याने आणि थोड्या रॉकेलने वरची धूळ तेवढी काढतो. काका ज्या दिवशी जे सांगतील ते कागदावर लिहून पान्याला दोऱ्याने बांधतो: कुठल्या जिनेतला, कुठल्या गॅरेजमधला, दांड्यावर खूण कोणती. पुस्तकातून साल केव्हाही काढता येईल. ही माहिती मात्र काका आहेत तोवरच आहे. म्हणजे पान्यांना आता पाने जोडली गेली आहेत, आणि आमच्या सहकाऱ्यांची लिंगाची तक्रार निम्मी तरी दूर झाली आहे.

यंदा खंडेनवमीला मी सगळे पाने पाटावर मांडले. सौभाग्यवती हळदकुंकू घेऊन आली. गंजलेल्या, काळ्या पान्यांना तिने मुकाट्याने बोटे टेकवली. शेवटी त्या लखलखीत पान्यापाशी ती थांबली. बोटावर कुंकू घेतले आणि दांड्यावर, जिथे टिंबे असावीत असे मी तिला एकदा दाखवले होते, तिथे तीन ठिपके दिले.

ते मी अजून पुसलेले नाहीत.