आधी कुठलं वाचू, दादा?

चौदा जाडजूड पुस्तकं, वर एक बारकं, शब्द साधारण 44 लाख. रॉबर्ट जॉर्डनची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही फँटसी मालिका वाचायला घेणं म्हणजे होम लोनच घेणं. हप्त्यांचा हिशेब आधी मांडावा लागतो. मिनिटाला अडीचशे शब्द, लोकलमध्ये येता-जाता मिळून दीड तास, शनिवार-रविवार सुट्टी... झाले की नाही नऊ महिने! एवढा वेळ द्यायचा तर सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न टाइमपास म्हणून सोडून देता येत नाही.

मला तो विचारला माझ्या मामेभावाने. राहतो डोंबिवलीला, नोकरी ऐरोलीला, आयटीत. पुस्तकं त्याच्या घरातच आहेत, त्याच्या बाबांची. मामा फोर्टमधल्या एका बँकेत होता. लंच टाइममध्ये डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर पुस्तकवाल्यांकडे चक्कर मारायची, हे ठरलेलं. तिथे मालिका नंबराने लावून कोण ठेवणार? हाताला लागेल तो भाग उचलायचा, घासाघीस करायची आणि घरी येऊन पहिल्या पानावर पेन्सिलीने तारीख आणि किंमत लिहायची. त्या तारखा सांगतात की मामाला आधी तिसरा भाग मिळाला, मग पहिला, मग एकदम पाचवा. अकरावा त्याने 2006 साली घेतला. 2008 साली मामा गेला.

तर भावाचा प्रश्न असा : “दादा, आधी ‘न्यू स्प्रिंग’ वाचू, पहिल्या भागापासून सुरू करू, की बाबांच्या तारखांप्रमाणे जाऊ?”

शेवटच्या पर्यायावर मी फोनवर जरा वेळ गप्पच होतो. मग म्हटलं, आधी ‘न्यू स्प्रिंग’चं बघू.

हे ते बारकं पुस्तक. 1998 साली दीर्घकथा म्हणून आलं, 2004 साली त्याची कादंबरी झाली, म्हणजे दहाव्या भागानंतर आणि अकराव्याच्या आधी. पण त्यातली गोष्ट घडते पहिल्या भागाच्या वीस वर्षं आधी. मॉरेन नावाची जादू जाणणारी बाई आणि तिचा रक्षक लॅन यांची ती गोष्ट. भावाने प्राइम व्हिडिओवरची सिरीज बघितलेली. 2021 साली आली होती ती, तीन सीझननंतर 2025 साली बंद झाली. त्यात पहिल्यापासून मॉरेनच मध्यभागी, त्यामुळे हा तिचा फॅन. मग तिचीच गोष्ट आधी का नको?

नकोच, बॉस! ‘द आय ऑफ द वर्ल्ड’ (1990) सुरू होतं एका आडगावात. तिथे ही परकी बाई येते, गावावर हल्ला होतो आणि ती पोरांना म्हणते, माझ्याबरोबर चला. अशा बायकांवर विश्वास ठेवायचा नसतो, हे पोरं लहानपणापासून ऐकत आलेली. ही आपल्याला वाचवतेय की वापरतेय? या संशयावर पुस्तक चालतं. तिच्या मनातलं आपण आधीच वाचून बसलो, तर पोरं बिचारी घाबरतायत आणि आपण सगळं ठाऊक असलेल्या आत्याबाईसारखे पाय पसरून बसलोय, असं होतं. उलट, दहा भाग वाचल्यावर ‘न्यू स्प्रिंग’ उघडा. जिला आपण इतकी वर्षं धीरगंभीर समजत होतो, ती शिकत असताना मैत्रिणीबरोबर खोड्या काढत होती, हे कळल्यावर काय धमाल येते!

आता खरं सांगायचं तर सगळे लेखक माझ्या पार्टीत नाहीत. ‘नार्निया’चं पहिलं पुस्तक 1950 सालचं, पण 1994 पासून प्रकाशकाने 1955 सालच्या ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ला नंबर एक देऊन टाकला, कारण कथेच्या काळात ते आधीचं. लेखक लुइसने 1957 साली एका मुलाला लिहिलेल्या पत्रात याच क्रमाची बाजू घेतली होती. पण क्रमाला एवढं महत्त्व नसेलही, असंही त्याच पत्रात आहे. तेव्हा मी काही हार मानलेली नाही.

दुसरा फंडा म्हणजे “दहावा भाग गाळ.” हा सल्ला भावाला ऑफिसात फुकट मिळाला. ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’मध्ये गोष्ट पुढे सरकतच नाही, हे खरंय. नवव्याच्या शेवटी जे घडलं, त्याच वेळी बाकीचे कुठे होते, हेच बराच वेळ चालतं. लोक भडकले, कारण नववा 2000 साली आला आणि दहावा 2003 साली. एवढं थांबून हाती हे! पण आज वाचणाऱ्याला थांबायचंच नाहीये. त्याच्यासाठी हा भाग म्हणजे ऐरोलीच्या अडीच आठवड्यांच्या फेऱ्या. मामाने तो दोनदा वाचला होता. का, ते विचारायचं राहिलं.

मामाच्या तारखांचा निकाल मामीने लावला. म्हणाली, “तिसरा भाग वर्षभर कपाटावर पडून होता. पहिला मिळेपर्यंत ह्यांनी उघडलासुद्धा नाही.” पाचव्याचंही तेच. खरेदी फुटपाथच्या क्रमाने, वाचन नंबराने! म्हणजे भावाने छापल्या क्रमाने वाचलं की ते बाबांच्याच क्रमाने होणार होतं.

फक्त अकराव्यापर्यंत. आपल्याला हृदयाचा दुर्मिळ आजार असल्याचं जॉर्डनने 2006 साली जाहीर केलं होतं आणि सप्टेंबर 2007 मध्ये तो गेला. शेवट कसा व्हायचा ते सांगून, लिहून ठेवलेलं होतं. त्याची बायको हॅरिएट मॅकडूगल हीच त्याची संपादक. तिने ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं. जॉर्डनच्या मनातल्या एका शेवटच्या भागाचे तीन झाले : 2009, 2010 आणि 2013. शेवटच्या पुस्तकातलं अगदी अखेरचं दृश्य मात्र जॉर्डनने स्वतः लिहिलेलं आहे. हे तीन भाग मामाच्या कपाटात नाहीत.

भाऊ सध्या चौथ्यात आहे. परवा ठाण्याला गाडी बदलताना त्याचा मेसेज आला : “सिरीजमधली बरी होती. ही पुस्तकातली मॉरेन काहीतरी लपवतेय यार.” मी नुसता स्मायली पाठवला. बाराव्यापर्यंत पोचायला त्याला अजून पाचेक महिने लागतील. ते तीन भाग कोरे करकरीत मागवायचे की फुटपाथवर मिळेपर्यंत थांबायचं, हे अजून ठरत नाहीये. मामी म्हणते, पेन्सिल घरात आहे.