एका द्राक्षाची तीन ताटे: शेनिन ब्लाँची कहाणी

१/१५
वाइनची यादी प्रथमच हाती घेणाऱ्या मराठी माणसाला एक नियम कुणीतरी आधीच सांगून ठेवलेला असतो: मासळीबरोबर पांढरी, मटणाबरोबर लाल. मग समोर ताट येते. त्यात तळलेली सुरमई असते, सोलकढी असते, खोबऱ्याच्या वाटणाचे कालवण, लिंबू, लोणचे आणि भात असतो. नियम तिथेच अडखळतो. तो मुळात कोणत्या ताटासाठी घडला आणि आपल्या ताटाशेजारी कोणती पांढरी वाइन शोभते, हा या धाग्याचा विषय. त्याची नायिका आहे शेनिन ब्लाँ नावाची द्राक्षवेल.

२/१५
अठराव्या शतकातील फ्रेंच उमरावांच्या मेजवानीत पदार्थ एकेक करून येत नसत. एका फेरीचे सारे पदार्थ एकदम मेजावर मांडले जात आणि ज्याला जे जवळ पडेल ते तो घेई. एकोणिसाव्या शतकात मात्र ‘रशियन पद्धत’ रुळली: पदार्थ ठरावीक क्रमाने, एकामागून एक वाढायचे. १८१० च्या सुमारास ती पॅरिसला आणल्याचे श्रेय सहसा रशियन राजदूत अलेक्सांद्र कुराकिन यांना दिले जाते.

३/१५
पदार्थ क्रमाने येऊ लागल्यावर प्रत्येकासोबत वेगळा पेला ठेवणे सोयीचे झाले. एका पदार्थाला एक वाइन, ही शिस्त या मेजावर पक्की झाली. मराठी ताटाची रचना निराळी. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाजी, आमटी. वर मीठ आणि लिंबू. खाणारा प्रत्येक घासाला नवे मिश्रण करतो. इथे एका पदार्थाची जोडीदारीण पुरत नाही, साऱ्या ताटाशी जमवून घेणारी वाइन लागते.

४/१५
तरीही जुन्या नियमात तथ्य आहे. २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की वाइनमधील लोह मासळीबरोबर तोंडात उग्र, हिवस वास निर्माण करते. लाल वाइनमध्ये लोह बहुधा अधिक असते. बाकीची तत्त्वे स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही ठाऊक असावीत अशी आहेत. आंबटपणा तेला-तुपाचा जडपणा कापतो. थोडी गोडी तिखटाला शांत करते. मद्यार्क जास्त असेल तर तिखट अधिकच भडकते. आणि पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल तर वाइन पाणचट लागते.

५/१५
आंबटपणा आणि गोडी दोन्ही एकत्र सांभाळणारे द्राक्ष म्हणजे शेनिन ब्लाँ. तिचे माहेर फ्रान्समधील लुआर नदीचे खोरे. तिथे तिला ‘पिनो द ला लुआर’ असेही म्हणतात. शिनोनजवळ जन्मलेल्या राब्ले या लेखकाने सोळाव्या शतकात ‘गार्गांतुआ’मध्ये ‘पिनो’च्या वाइनचा गौरवाने उल्लेख केला, तो बहुधा हिचाच, असे मानले जाते. वूव्रे गावच्या बाटलीवर ‘सेक’ म्हणजे कोरडी, अर्थात गोडी नसलेली. ‘दमी-सेक’ म्हणजे किंचित गोड. ‘म्वालो’ म्हणजे गोड. द्राक्ष एकच, हंगाम आणि काढणीची वेळ तिचे रूप ठरवते.

६/१५
लुआरकाठी तिचे पहिले ताट मांडले गेले. नदीतला पाइक मासा आणि त्यावर ‘बर ब्लाँ’: व्हिनेगर, पांढरी वाइन आणि बारीक चिरलेला छोटा कांदा आटवून त्यात घोटलेले लोणी. कोरडी शेनिन हे लोणी जिभेवर साचू देत नाही. सेंत-मोर हे शेळीच्या दुधाचे आंबूस चीजही तिच्याशी जुळते. ही जोडी कोणत्या जाणकाराने ठरवलेली नाही. एकाच खोऱ्यात पिकलेल्या, रांधलेल्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या एका मेजावर येत राहिल्या आणि त्यांचे सूर जुळले.

७/१५
सतराव्या शतकात लुआरच्या पांढऱ्या वाइनचे मोठे गिऱ्हाईक होते डच व्यापारी. याच काळात डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे आशियाकडे येत होती. आपल्या वेंगुर्ल्यालाही या कंपनीची वखार होती. महिनोन्‌महिने समुद्रात काढणाऱ्या खलाशांना ताजे अन्न मिळावे म्हणून कंपनीने १६५२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला ठाणे वसवले. यान व्हान रीबेक हा त्याचा प्रमुख.

८/१५
१६५५ मध्ये केपला द्राक्षाची रोपे पोहोचली. २ फेब्रुवारी १६५९ रोजी तिथल्या द्राक्षांची पहिली वाइन गाळली गेल्याची नोंद व्हान रीबेकच्या रोजनिशीत आहे. त्या आरंभीच्या वेलींत शेनिनही असावी असा समज आहे. तिचे मूळ नाव मात्र तिथे विसरले गेले आणि ती ‘स्टीन’ झाली.

९/१५
पुढे या मळ्यांत राबले कोण? कंपनीने आणि वसाहतवाल्यांनी हिंदी महासागराच्या काठांवरून माणसे गुलाम करून केपला नेली. त्यांत मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशियाची बेटे यांच्याबरोबर बंगाल, कोरोमंडल आणि मलबारचीही माणसे होती. ब्रिटिश अमलात १८३४ मध्ये गुलामगिरी रद्द झाली. पण सक्तीच्या ‘उमेदवारी’मुळे खरी सुटका व्हायला १८३८ साल उजाडले.

१०/१५
या माणसांनी आपली चव सोबत नेली. केपच्या ‘मलाय’ म्हटल्या जाणाऱ्या स्वयंपाकात हळद, धणे, दालचिनी आहे; गोड-आंबट चटण्या आहेत. बोबोटी हा त्याचा नामांकित पदार्थ: मसालेदार खिमा, त्यात बेदाणे, वर अंडे-दुधाचा थर आणि सोबत हळदीचा पिवळा भात. किंचित गोडसर शेनिन याच्याशी उत्तम जमते, असे आज आवर्जून सांगितले जाते. तिचे दुसरे ताट ते हेच.

११/१५
पण ही जोडी लुआरसारखी एका घरात वाढलेली नाही. वेल मालकाची होती, ताट गुलामांचे. हा स्वयंपाक जपणारा समाज प्रामुख्याने मुस्लिम. त्यातील अनेकांनी धर्म म्हणून मद्य वर्ज्यच मानले. मळ्यांवर तर मजुरीचा काही भाग रोज वाइनच्या रूपात देण्याची ‘डॉप’ नावाची रीत होती. कायद्याने बंदी आल्यावरही ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रेंगाळली आणि तिने मजूर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या व्यसनात ढकलली. केपच्या शेनिनची तारीफ करताना हा हिशेब वगळला, तर इतिहास अर्धाच सांगितला जातो.

१२/१५
उष्ण प्रदेशात चांगली पांढरी वाइन करणे फार काळ कठीण होते. रस उष्णतेत आंबला की त्याचा सुगंध उडून जाई. म्हणून स्टीनची पुष्कळ द्राक्षे ब्रँडीसाठी जात. विसाव्या शतकाच्या मध्याला थंड टाक्यांत रस आंबवण्याचे तंत्र आले. १९५९ मध्ये बाजारात आलेली ‘लीबरस्टाइन’ ही गोडसर पांढरी वाइन पाचच वर्षांत जगातील सर्वाधिक खपाच्या बाटलीबंद वाइनपैकी एक झाली. १९६० च्या दशकात प्रा. ओर्फर यांनी पाने ताडून सिद्ध केले की स्टीन म्हणजेच शेनिन. आज दक्षिण आफ्रिकेत तिची लागवड फ्रान्सपेक्षाही अधिक आहे.

१३/१५
हेच थंड टाक्यांचे तंत्र पुढे नाशिकच्या कामी आले. १९९७ मध्ये राजीव सामंत यांनी तिथे सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावली. २००० मध्ये ‘सुला’ची पहिली वाइन आली. दख्खनमध्ये वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून शेतकरी तिला वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. त्या दिवसांतील गार रात्री द्राक्षातला आंबटपणा टिकवतात.

१४/१५
२००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि अनेक शेतकरी वाइनच्या द्राक्षांकडे वळले. खाण्याच्या थॉमसनला बाजारात शंभर गिऱ्हाइके. पण वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे, जाड सालीचे, ते मंडईत कोण घेणार? २००८-०९ च्या मंदीत मागणी घटली, माल पडून राहिला आणि अनेकांनी उभ्या बागा तोडल्या. वाइन जेव्हा केवळ सहलीची, समारंभाची वस्तू असते, तेव्हा मंदीत ती प्रथम सुटते. ताटाशी नाते जुळलेली वस्तू इतक्या सहज सुटत नाही. म्हणून जोडीचा प्रश्न चैनीपुरता उरत नाही. त्यात बागायतदाराचाही जीव अडकलेला असतो.

१५/१५
तिसरे ताट म्हणजे आपले. बाटली आठ ते बारा अंशांपर्यंत गार करावी आणि करून पाहावे. तळलेले बोंबील, कोथिंबीर वडी यांना कोरडी शेनिन. भरली वांगी, कोळंबीचे तिखट कालवण यांना किंचित गोडसर, कमी मद्यार्काची. सोलकढी मात्र एकटीच प्यावी. तिचा आंबटपणा पेल्यातल्या वाइनला फिके पाडतो. पुरणपोळीला उशिरा काढलेल्या द्राक्षांची गोड शेनिन. वाइन पुरणाहून गोड हवी, एवढे सांभाळावे. लुआरला ही जुळणी व्हायला शतके लागली, केपला ती अन्यायाच्या सावलीत झाली. नाशिकची शेनिन त्यामानाने अजून नवखी आहे. तिचे ताट अजून मांडले जात आहे, आणि ते मांडताना छाटणी करणारा हातही त्या पंक्तीला असावा.

(धागा समाप्त)