पाणदिवड आणि मांत्रिकाचे नाव

पावसाळा लागला की आमच्या वस्तीच्या नाल्याला पाणी चढते आणि पाण्याबरोबर पाणदिवडही दारापर्यंत येतो. कुणी त्याला विरोळा म्हणतात. मग काठ्या निघतात.

पिवळसर तपकिरी अंग, त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन आणि डोळ्यापासून खाली व मागे गेलेल्या दोन तिरप्या काळ्या रेघा, ही त्याची खूण. मासे आणि बेडूक हे त्याचे खाणे, म्हणून तळे, भातखाचर, नाला हेच त्याचे घर. डिवचला की मान चपटी करून डोके उचलतो. घाबरलेल्या माणसाला तो नागच वाटतो. चावायलाही कमी करीत नाही. रक्त येते, पण विष नसते.

मांत्रिकाचे दुकान चालते ते इथेच. पाणदिवड चावलेल्याला त्याच्याकडे नेतात. तो पाला फिरवतो, दोरा बांधतो, पैसे घेतो. माणूस बरा होतो, कारण तो बरा होणारच होता. पण नाव होते मांत्रिकाचे! पुढे कुणाला मण्यार किंवा घोणस चावते, तेव्हा त्याच नावाला भुलून घरचे तिकडे धावतात आणि मोलाचा वेळ जातो.

२००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यापाड्यांतली, म्हणजे आपलीच कष्टकरी माणसे. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. बाबासाहेबांनी आपल्याला तोच डोळस धम्म दिला. तेव्हा बंधू-भगिनींनो, मुलांना पाणदिवड ओळखायला शिकवा, पण लांबूनच. त्याला मारू नका, वाट द्या. पहिले शील त्याच्यासाठीही आहे. आणि साप चावलाच, तर ओळख पटो वा न पटो, जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हात-पाय हलू न देता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्या. बिनविषारी निघाला तर मलमपट्टी करून घरी आणता येईल.