कावेरीतील महाशीर आणि लोणावळ्याची बोटुकली

दक्षिणेतील नद्यांत गळाला लागणाऱ्या माशांत महाशीरचा मान पहिला असून, डोक्यामागून एकदम उंचावलेल्या पाठीचा आणि नारिंगी परांचा कावेरीतील कुबडा महाशीर हा त्याचा सर्वांत भारदस्त प्रकार होय. कावेरीची उपनदी कबिनी हिच्यात १९४६ साली १२० पौंडांचा मासा गळाने पकडल्याची नोंद आहे. जाड ओठांचा आणि मिशांच्या दोन जोड्यांचा हा मासा खेकडे, गोगलगायी व पाण्यात पडलेली फळे खातो आणि त्यांची कठीण कवचे घशातील दातांनी चिरडतो, म्हणून तेथे आमिषाला खेकडा किंवा शिजवलेल्या नाचणीच्या पिठाचा घट्ट गोळा लावतात.

याच माशाच्या ओढीने प्रस्तुत लेखक कावेरीकाठच्या गॅलिबोरला गेला असता, रिळावरची दोरी प्रवाहाबरोबर सरसर खेचून नेणारा आणि अखेर दमून काठाशी आलेला मासा निघाला निळसर परांचा, म्हणजे निसर्ग-अभ्यासक साइक्सने १८३९ साली मुळा-मुठेतून वर्णिलेला टॉर खुद्री. कल्ले संथ लयीत हलू लागेपर्यंत त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरताना, आपल्याकडचा मासा परमुलखात भेटल्याचा आनंदच झाला होता.

तो आनंद आता सलतो. लोणावळ्याजवळ कृत्रिम प्रजननाने तयार झालेली या माशाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, देशभरच्या पाण्यांत सोडली गेली, ती कावेरीतही पोचली, तेथे निळ्या परांचा मासा फोफावला आणि कुबडा दिसेनासा होत गेला. महाशीर म्हणजे महाशीर, एवढ्यावरच हे बीज सोडले गेले; ज्या नदीत ते सोडायचे तिचा स्वतःचा महाशीर कोणता, हे आधी पाहिलेच गेले नाही, आणि त्या कुबड्याची ओळख टॉर रेमादेवी म्हणून पटायला २०१८ साल उजाडले, तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आला होता. अवघड प्रजनन साधणाऱ्यांच्या कौशल्याबद्दल आदर आहेच, परंतु परक्या नदीत बीज सोडणे यापुढे थांबलेच पाहिजे.

हा ऱ्हास उघड झाला तो मासा मोजून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या गळकऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींमुळे. कावेरीकाठच्या अभयारण्यात गळ बंद झाला तेव्हा लेखकाला ते योग्यच वाटले होते. आता तसे वाटत नाही, कारण गळाबरोबर त्या नोंदी थांबल्या आणि सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांवर नजर ठेवणारी माणसेही काठावरून गेली.