घरातल्या अँटेनाचा झटका

१९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले आणि आमच्या ओसरीवर अर्धे गाव जमू लागले. त्याच मे महिन्यात वळवाच्या पावसात बांधावरच्या कडुलिंबावर वीज पडली. आईने धास्तीच घेतली. “छपरावरचा तो लोखंडी खांब आधी उतरवा,” म्हणाली. प्रक्षेपण केंद्र तालुक्याला, कोसभरावर. म्हणून टीव्हीच्या डोक्यावर दोन कांड्यांचा अँटेना ठेवूनही काम भागले. मुंग्या थोड्या जास्त, इतकेच.

एके रविवारी चित्र हलू लागले. आई भांडी घासून आलेली, हात ओले, पाय अनवाणी, खाली नुकतीच सारवलेली जमीन. कांडी सरळ करायला गेली आणि किंचाळून मागे पडली. नशीब, हात सुटला.

मी शहाणा! तांब्याची तार घेऊन कांडी नळाला जोडायला निघालो. वायरमनने आधी प्लग काढला, मग माझ्यावर ओरडला, “घरातल्या कांड्यांना कसले अर्थिंग? ते छपरावरच्या खांबाला, आकाशातल्या विजेसाठी! कांडीला करंट आला म्हणजे बिघाड टीव्हीत आहे. तो नळात सोडून पाणी भरणाऱ्या बाईला मारता काय?”

त्या काळच्या बऱ्याच सेटांत आतला पत्रा थेट विजेच्या तारेशी जोडलेला असे. पत्रा आणि अँटेना यांच्यामध्ये छोटे कंडेन्सर असत. ते निकामी झाले की कांडीत करंट उतरे. आमचेही तेच झाले होते.

मग त्याने घराचे अर्थिंग तपासले. दिवा जेमतेम लुकलुकला. परसात जाऊन पाहतो तो तार तुटलेली, आणि तिच्या उरलेल्या तुकड्यावर आमचीच धोतरे वाळत होती! नवा खड्डा घेतला. आठ फुटी नळी, भोवती मीठ आणि कोळसा. उन्हाळ्यात तिथे कळशीभर पाणी ओतायचे काम माझ्याकडे आले. तुमच्या घरची तार कुठे जाते, ते एकदा वायरमनकडून बघून घ्या. पंप आणि मिक्सरही तिच्याच भरवशावर असतात.

आता कांड्या गेल्या, छपरावर डिशची छत्री आली. तिच्या खांबाला अर्थिंग हवेच. आभाळ भरून आले की प्लग आणि छत्रीची केबल दोन्ही काढून ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र केबलला हात लावू नका.

सेट दुरुस्त होऊन आला, पण आईने पुन्हा कधी कांडीला हात लावला नाही. चित्र हलले की मलाच हाक मारी, मी गोठ्यात असलो तरी.