ब्रेक दाब, पाहू दे!

आमच्या पिढीने अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या दिव्यांवर जेवढा भरवसा टाकला, तेवढा कुलदैवतावरही टाकला नसेल. वर्ध्याहून हिंगणघाटला रात्री निघायचं तर दोनपैकी एक हेडलाइट लागला तरी खूप. त्याच्याही काचेवर काळा पट्टा. कापसाच्या हंगामात पुढे बैलबंड्यांची रांग, खाली कंदील, तोही असला तर.

आता समृद्धी महामार्गावर ताशी 120 ने जाताना पांढरा उजेड दूरवर पसरतो. तक्रार कशाची करायची?

बिघाडाची. तेव्हा तो आमचा होता. मिस्त्रीकडे टेस्टलॅम्प असायचा, म्हणजे 12 व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी. एक बॉडीला लावायची, दुसरी होल्डरला टेकवायची. टेस्टलॅम्प पेटला तर करंट येतोय. मग बल्ब गेला, नाहीतर अर्थिंग. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही मंद उजळला, तर मिस्त्री मान वर न करता म्हणायचा, "अर्थिंग गेली जी." परतीची वाट बंद झाली की करंट शेजारच्या फिलामेंटमधून रस्ता काढतो. गंजका स्क्रू काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, घट्ट आवळायचा. मग एकाने मागे उभं राहून ओरडायचं, "ब्रेक दाब! लागला. डावा टाक. नाही लागला!" माणूस नसेल तर गाडी दुकानाच्या शटरला पाठ करून लावायची आणि त्यावरची लाली आरशात पाहायची.

आता स्कॅनर जोडला की पडद्यावर कोड येतो. एलईडी गेला तर बल्ब बदलता येत नाही, बहुधा अख्खा दिवाच बदलावा लागतो. इंडिकेटरची टिकटिक अजून येते, पण बऱ्याच गाड्यांत स्पीकरमधून. पूर्वी ती रिलेची असे, आणि अनेक गाड्यांत तिची घाई झाली की बल्ब गेल्याचं चहा पिता पिता कळे.

अर्थात, आम्हीच जळक्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळत होतो. वायरी तापायच्या, वास यायचा, आणि त्याला आम्ही डोकं म्हणायचो. मागून येणाऱ्या ट्रकला आमचं डोकं दिसत नव्हतं, दिवाही दिसत नव्हता. तरीही मागे उभं राहून ओरडणाऱ्याची आठवण येते, याला इलाज नाही.

एक मात्र करा. पावसाळ्यानंतर दिवा रुसला तर नवा घेण्याआधी मिस्त्रीला अर्थिंगचा स्क्रू उघडून पाहायला सांगा. कोड सर्किट सांगतो, गंज सांगत नाही.